मूळ संख्येचे पेढे

एका आकड्यासाठी गल्लीभर पेढे वाटणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिलाय. रामवाडीत आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर राहतात. रोज सकाळी माझं वर्तमानपत्र माझ्याआधी वाचून काढतात. आणि त्या पेढ्यांनी जो काय घोळ घातला, त्याबद्दल माझा त्यांच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही.

बाबाजी घरत त्यांचं नाव. पेणला एकाच हायस्कुलात ते गणित शिकवायचे नि मी मराठी. आता दोघंही निवृत्त. मला स्वतःला गणितात कधी पस्तिसाच्या वर मार्क पडले नाहीत आणि त्याची मला काडीची लाज नाही. सर मात्र गणितातच जन्मले असावेत. गाव खाडीकडचं, आईबाप मिठागरावर राबणारे, घरची थोडी खारजमीन, तिच्यात भात. त्यांच्याकडे भात मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, असं पुढे चालायचं. वर्गात मूळ संख्या शिकवताना सर हेच सांगायचे. "दोन, तीन, पाच, सात. ह्या मूळ संख्या. एक नि स्वतः सोडून दुसऱ्या कशानं भागत नाहीत. आणि एक? एकाला ह्यांच्यात घेत नाहीत. माझा बाप शाळेत गेला नव्हता, पण एकाला बाजूला ठेवायचं त्याला बरोबर ठाऊक होतं." पोरं खो खो हसायची, पण सरांच्या हाताखालचं पोर तो प्रश्न परीक्षेत कधी चुकलं नाही.

निवृत्त झाल्यावर कुणी प्लॉट घेतं, कुणी देवस्थानाच्या कमिटीवर जातं. सरांनी एक जुना कॉम्प्युटर घेतला. जगभरातली हौशी माणसं म्हणे आपापल्या घरचे कॉम्प्युटर एका कामाला लावतात आणि मोठ्यातली मोठी मूळ संख्या शोधत बसतात. त्यांच्यात हे सामील झाले. दोनला दोननं गुणत जायचं, कोटी कोटी वेळा, आणि शेवटी त्यातून एक वजा करायचा. अशा संख्यांमधली एखादीच मूळ निघते. बाकी सगळ्या कशानं ना कशानं भागल्या जातात. एक संख्या तपासायला त्या खटाऱ्याला महिना महिना लागायचा. बाहेरच्या खोलीत दिवसभर पंखा घुंघुं करायचा. सगुणावहिनी, म्हणजे सरांची बायको, आधी लाइट बिलावरून करवादल्या. मग थंडीत दह्याचं विरजण त्या गरम डब्याला टेकवून ठेवायला लागल्या. "काय तरी उपेग होऊंदे मेल्याचा," म्हणायच्या.

महिन्यानं उत्तर यायचं, मूळ नाही. सर दुसरी संख्या लावायचे. परत तेच, मूळ नाही. एकदा मी वैतागून विचारलंच.

"सर, मूळ नाही म्हणजे कशानं तरी भागते ना? मग कशानं?"

"ते ह्या चाचणीतनं कळत नाय, बाई."

"अहो, मग कशावरनं म्हणता की भागते?"

झालं. मास्तरला काय, निमित्तच हवं असतं. टीपॉयवरची एक लग्नपत्रिका उलटी केली नि पेन काढलं. "एकतीस घ्या. दोन पाच वेळा मांडून गुणले, बत्तीस. वजा एक, एकतीस. आता चारपासून सुरुवात करा. चाराचा वर्ग, त्यातनं दोन वजा."

"चौदा."

"चौदाचा वर्ग, वजा दोन."

"एकशे चौऱ्याण्णव," मी कष्टानं म्हटलं.

"एकतीसनं भागा, बाकी घ्या."

"आठ."

"आठाचा वर्ग, वजा दोन, बासष्ट. एकतीसनं भागा."

"शून्य उरलं."

"शून्य उरलं म्हणजे एकतीस मूळ. वर्ग किती वेळा करायचा ते आधीच ठरलेलं असतं. शेवटी शून्याऐवजी दुसरं काहीही उरलं, तर ती संख्या मूळ नाय. तुटते. पण कशानं तुटते ते उरलेल्या बाकीवरनं कळत नाय. ते हुडकायचं म्हटलं तर कधी कधी आख्खा जन्म पुरायचा नाय."

"मग असलं अर्धवट उत्तर घेऊन करायचं काय?"

"अर्धवट कसं? खरं हाय ते," सर म्हणाले. मी कपाळाला हात लावला नि कुकरची शिट्टी ऐकून वर पळाले.

तर ते पेढे. दोन हजार चोवीसचा ऑक्टोबर, दिवाळी आठवड्यावर आलेली. वर्तमानपत्रात आतल्या पानावर बोटभर बातमी होती की अमेरिकेतल्या कुणा माणसाला आजवरची सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली. चार कोटी दहा लाखांवर अंक आहेत तिच्यात. सर माझा पेपर हातात घेऊन जिन्यातच उभे. डोळे भरलेले. "बाई, पानाला पाच हजार अंक छापले तरी आठ हजारांवर पानं लागतील! नि एवढ्या मोठ्या संख्येला कशानं म्हणून भाग जात नाय."

"तुम्ही थोडीच शोधलीत?"

"म्हणून काय झालं? सापडली ना!"

आणि गेले की पेढे आणायला. खिशात बातमीचं कात्रण, हातात बॉक्स. दारोदार जाऊन "तोंड गोड करा, आनंदाची बातमी हाय" म्हणत हातावर पेढा ठेवायचे आणि कात्रण काढायला खिशात हात घालायचे, तोवर समोरची बाई आत पळालेली असायची. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नाला तीन वर्षं झालीत, तो बाप पेढे घेऊन दारात आला तर लोक काय समजतील? कात्रण बघायची कुणाला गरज? समोरच्या बिल्डिंगमधल्या एकीनं पेढा तोंडात असतानाच रोह्याला बहिणीला फोन लावला. संध्याकाळपर्यंत रोह्यात लेकीच्या, म्हणजे मृणालीच्या, सासरी बायका नारळ आणि खण घेऊन ओटी भरायला हजर. 'मला माझ्याच घरात सगळ्यांत शेवटी कळलं' म्हणून सासू रुसून बसली. मृणाली मधोमध उभी.

मी सरांना अशी झाडली म्हणून सांगू! "डोकं जागेवर आहे का तुमचं? कशाचे पेढे ते आधी सांगून मग वाटायचे ना!"

"सांगत होतो हो. कुणी थांबलं तर ना."

सरांनी रोह्याला फोन करून खुलासा केला. जावई, प्रणित, फोनवर मनमोकळा हसला. तिथल्याच एका कंपनीत शिफ्टला जातो, सरळ पोरगा. सासूचाही रुसवा गेला. आम्हाला वाटलं, मिटलं.

दोन दिवसांनी मृणाली रोह्याच्या गाडीतून पेणला उतरली. हातात मोठी बॅग. दिवाळीला आली, आणखी काय, असं सगळ्यांनी धरलं. फराळ झाला, भाऊबीज झाली, तुळशीचं लग्न लागलं. पोरगी जायचं नावच काढेना. मग एका सकाळी तिनं आईला सांगितलं, "आये, मी परत नाय जाणार."

"का गो? काय झालं?"

"नाय सांगता येत."

सगुणावहिनींनी आधी समजावलं, मग शपथा घातल्या, मग रडून घर डोक्यावर घेतलं. मृणालीचं एकच, नाय सांगता येत. आपण होऊन ती माझ्याशी एवढंच बोलली, गच्चीवर कपडे वाळत घालताना. "मावशी, त्या दिवशी बायका नारळ घेऊन आल्या ना, सगळे हसत होते. प्रणितपण हसत होता. आणि मला एकदम भीती वाटली. वाटलं, हे खरं असतं तर? मग मी तिथनं कधीच सुटले नसते. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं मला सुटायचंय म्हणून." मी चिमटे देत राहिले.

पण गावकीला असलं उत्तर चालतं होय? लोकांना कारण पाहिजे. दारू, मारहाण, बाहेरची बाई, सासूचा जाच, काहीतरी हातात धरता येईल असं. ते मिळेना, तसे लोक पोरीकडेच बघायला लागले. तिचंच कुठं काय असेल, अशी कुजबुज. जळ्ळी मेली ती तोंडं! तिकडून प्रणितच्या मामांचा, जनूमामांचा, फोन आला. लग्न त्यांनीच जमवलं होतं. "मास्तर, रविवारी बैठक घेऊ. कारण असंल तर बोलू. नसंल तर पोरगी त्याच गाडीत परत. असं घरात बसवून चालायचं नाय." त्यांच्यात रीतच तशी आहे. दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, मुलीनं कारण सांगायचं, आणि कारण नाही पटलं तर तिनं गुमान उठून गाडीत बसायचं.

सगळ्यांत मोठं कोडं होतं सरांचं. एवढे दिवस झाले, त्यांनी लेकीला एका शब्दानं विचारलं नव्हतं. रोज सकाळी तिचा चहा मात्र स्वतः करायचे. सगुणावहिनी माझ्यासमोरच ओरडल्या, "बाप हाय का भिंत हाय हा?" सर खाली मान घालून आत गेले. ते काय करणार, लेकीला ठेवणार की पाठवणार, कुणाला अंदाज येईना. मृणालीलाही नाही. शनिवारी तिनं बॅग काढली नि परत खाटेखाली सारली, माझ्या डोळ्यांदेखत.

रविवारी बाहेरच्या खोलीत चटया टाकल्या. जनूमामा, प्रणित, चारपाच पिकली डोकी. जावई येणार म्हणून सगुणावहिनींनी जिताडं आणलं होतं, खाडीतला मानाचा मासा. एवढी आशा होती त्या बाईला. मी पण जाऊन बसले. "बायकांचं हितं काय काम?" असं एकजण पुटपुटला. मी म्हटलं, "तुम्हाला काम सांगायला बसलेय, बसा गप." तो बसला.

जनूमामा माणूस वाईट नाही, फक्त आवाज मोठा. त्यांनी सुरुवात केली. एकेक प्रश्न आणि हाताचं एकेक बोट.

"प्रणितनं कधी हात उगारला?"

"नाय."

"दारू पितो?"

"नाय."

"बाहेर काय भानगड?"

"नाय, मामा."

"सासू छळते?"

"नाय. चांगल्या हायेत त्या."

"कुणी माहेराहून काय आणायला सांगितलं?"

"नाय."

मामांची मूठ मिटली. ती त्यांनी सगळ्यांना दाखवली. "बघा. हाय काय एक तरी? मग तुटलं काय? काहीच नाय तुटलं! भर गो पोरी बॅग."

मृणाली पांढरीफटक. आणि सगुणावहिनी खरंच उठल्या हो, बॅग आणायला. माझा जीव असा तळमळला की चहाची किटली त्या मामांच्या डोक्यावर ओतावी.

"थांब गो सगुणा," सर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. सरांनी घसा साफ केला. "जनूभाव, तुम्ही पाच प्रश्न विचारलेत. पाचांनी भाग नाय गेला. म्हणून आख्खं हाय असं कसं म्हणता? मोठी संख्या असली म्हणजे लहान लहान आकड्यांनी भागून बघतात, नाय भागली तरी..."

"मास्तर!" जनूमामा गरजले. "आकडं नकोत. पोरीच्या जल्माचं बोलतोय."

कुणीतरी फिसकन हसलं. सरांच्या तोंडचं वाक्य तोंडातच राहिलं. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस, भर घरात शब्द हुडकत बसला. मला त्यांची इतकी दया आली. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं, आणि पुसून झाल्यावर जो आवाज निघाला तो मी शाळेत कधी ऐकला नव्हता. कापत होता.

"बरं. आकडं नाय बोलत. माझी पोर सांगते की नाय जमत. तिला खोटं बोलता येत नाय, लहानपणापासून नाय येत. मला तेवढं पुरं हाय. तिला कारण सापडलं तर सांगंल. नाय सापडलं तर नाय सांगणार. पण कारण सापडत नाय म्हणून मी तिला तुमच्या गाडीत घालणार नाय."

"आणि लोकांना काय सांगायचं?"

"सांगा, बापानं ठेवून घेतली."

मग काय, एकच गलका. मास्तरांचं डोकं फिरलंय, असा पायंडा पडला तर गावातली निम्मी घरं मोकळी होतील, असली शिकवण शाळेत देता काय, जो तो बोलतोय. सगुणावहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या, ना आत ना बाहेर. मृणाली बापाकडे टक लावून बघत होती. आणि त्या सगळ्या गोंधळात प्रणित म्हणाला, "मामा, गप ऱ्हावा."

हळूच म्हणाला, पण खोली शांत झाली. तोवर त्यानं चटईवरची नजर उचलली नव्हती.

"ती खरं बोलते. मलाबी कारण नाय सांगता येत." त्यानं मृणालीकडे बघितलं. "पण ती हितं आल्यापासनं मला मोकळं वाटतंय. शिफ्टवरनं घरी येताना दारात छातीत काय तरी आवळायचं. आता नाय आवळत. मला वाटलं, मीच नालायक हाय. बायको माहेरी बसलीय नि मला बरं वाटतंय! कुणाला सांगू? तिच्यात खोट नाय काय. पण नाय जमलं, मामा. आम्हाला दोघांनाबी नाय जमलं."

मृणालीला रडू फुटलं. प्रणितही रडत होता, बाही डोळ्याला लावून. लग्नात मी त्या दोघांना पाहिलं होतं, सणावारी पाहिलं होतं, पण एकमेकांकडे इतक्या मायेनं बघताना त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. मी पण रडले. का नाही रडू? दगड थोडीच आहे.

जनूमामांनी पाणी मागितलं. सगुणावहिनींनी तांब्या आणून दिला. ते घटाघटा प्यायले, मिशी पुसली. "दोघंबी तेच म्हणतात, तर मग मी कोण लागून गेलो?" असं म्हणाले आणि त्यांचा तो मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. बाकीची डोकी कुरकुरत उठली. सर प्रणितजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवून जा, बाळा." आणि जेवला तो. सगुणावहिनींनी त्याला जिताड्याचं डोकं वाढलं, नेहमीसारखं, आणि वाढता वाढता पदरानं नाक पुसत राहिल्या.

पुढे दोघांच्या संमतीनं घटस्फोटाची कागदपत्रं झाली. मृणाली आता पेणलाच एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला जाते. रंग परत आलाय पोरीला. लोक बोलायचे ते थोडे दिवस बोलले, मग त्यांना दुसरं कुणीतरी मिळालं. प्रणितचंही नंतर दुसरं लग्न झालं. मृणालीनं फोन करून त्याला शुभेच्छा दिल्या, तेव्हा सगुणावहिनींनी डोळे वटारले, पण बोलल्या नाहीत.

परवा संध्याकाळी मी खाली गेले तर सर एकटेच बसले होते. नवी संख्या लावलेली. माझ्या मनात इतके दिवस जे घोळत होतं ते विचारून टाकलं. "सर, तुम्ही मृणालीला कधीच विचारलं नाही? एकटीला बसवून? नेमकं काय झालं म्हणून?"

"नाय."

"विचारावंसं वाटत नाही?"

सरांनी कॉम्प्युटरकडे पाठ केली.

"वाटतं हो, बाई. रोज वाटतं. चहाचा कप तिच्या हातात देताना रोज तोंडाशी येतं." त्यांनी चष्मा काढला. "मी घाईनं दिली का तिला? तीन वर्षं ती तिथं गुदमरत होती, दर सणाला हितं येऊन हसून जात होती, नि मी ह्या डब्याफुडं बसून दोनाला दोननं गुणत होतो का? माझ्याच पोरीचं मला कसं कळलं नाय?"

"मग विचारा की एकदा."

"विचारलं तर ती सांगंल. मला बरं वाटावं म्हणून काय तरी कारण बनवून सांगंल. प्रणितवर नाय तर स्वतःवर घेईल सगळं. बापासाठी तिला पहिल्यांदा खोटं बोलावं लागंल." त्यांनी मान हलवली. "त्यापरीस नको. माझं मी सोसतो."

तेवढ्यात फाटक वाजलं. मृणाली कामावरून आली होती, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. सरांनी घाईनं चष्मा घातला नि उठले.

"आलीस गो? भूक लागली असंल," म्हणाले, आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन आत गेले.